आत माणसं : शून्य

“वरच्या मजल्यांवर कोणी राहतं का?” अध्यक्षबाईंनी विचारलं आणि तळमजल्यावर गाद्या भरणारा गादीवाला उभा राहिला.

वाक्य पाठ होतं. इमारतीच्या मालकांनी चार दिवस ते त्याच्याकडून घोटून घेतलं होतं. नगरपालिकेच्या सभेपुढे आलेला नियम तसा सरळ होता. माणसं राहत असतील त्या इमारतीला बाहेरून दुसरा जिना हवा, आणि तो होईपर्यंत वरचे मजले बंद. नुसत्या गोदामाला जिन्याची सक्ती नाही. म्हणजे खरं बोललं तर अकरा बिऱ्हाडं रस्त्यावर, खोटं बोललं तर सगळी आपापल्या जागी. त्या अकरांत गादीवाल्याचंही एक. मग बोलायला एवढा घाम कशाला फुटावा? पण फुटला होता खरा.

सकाळी बायकोसमोर त्यानं रंगीत तालीम केली होती. ती म्हणाली होती, “अगं बाई, आम्ही माल होय? मग मालानं हा डबा भरलाय, तेवढा घेऊन जा.” तो हसला होता, पण डबा घरीच विसरून आला.

“कोणी राहत नाही, बाई,” तो म्हणाला. “वर नुसता माल आहे. कापूस, कापड, फोम.”

“झालं की मग!” मागच्या बाकावरचे जाडे सदस्य म्हणाले. “गोदाम लिहा आणि पुढचा विषय घ्या. पोटात कावळे ओरडताहेत.”

सभागृह हसलं. दुसऱ्या रांगेतल्या मालकांनी डोळ्यांनीच शाबासकी दिली. गादीवाल्याला हायसं वाटलं. सुटलो एकदाचा, असं मनाशी म्हणत तो खाली बसला.

तेवढ्यात अग्निशमन अधिकारी उठले. सडपातळ माणूस, आवाज बेताचा. त्यांनी बगलेतली फाईल उघडली, एक कागद काढला, त्यावर काहीतरी लिहिलं आणि तो गादीवाल्याच्या पुढ्यात ठेवला.

“खाली तुम्हीच काम करता ना? मग इथं सही करा,” ते म्हणाले. “हा कागद आमच्या गाडीत असतो. बेल वाजली की जाता जाता आम्ही एवढंच वाचतो. दार कुठं, जिना कुठं, पाणी कुठं.”

गादीवाल्यानं पेन घेतलं. शेवटच्या रकान्यात छापलं होतं, ‘आत माणसं’. त्यापुढे अधिकाऱ्यांनी नुकतंच शून्य काढलं होतं. शाई अजून ओली होती.

“हे कशाला लागतं, साहेब?”

“आत कोणाला पाठवायचं की नाही ते यावर ठरतं. शून्य असलं की आम्ही बाहेरून पाणी मारतो, शेजारची घरं वाचवतो. मालासाठी मी माझा माणूस धुरात घालत नाही.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. दुकानाची वेळ सांगावी तसं त्यांनी सांगितलं.

गादीवाला शून्याकडे बघत राहिला. एवढंसं होतं ते, वाटाण्याएवढं. जिना एकच, लाकडी, आणि इतका अरुंद की डोक्यावर गादी असली की त्याला तिरकं होऊन चढावं लागे. त्या जिन्याच्या खाली कापसाचे गठ्ठे त्यानं स्वतःच्या हातानं रचले होते. छतापर्यंत.

“अरे, कर की सही!” मालक मागून म्हणाले. “कागद काय पाठ करतोयस?”

त्याला मालकांची भीती वाटत होती. रस्त्यावर येण्याची तर फारच वाटत होती. तरी त्यानं पेनाला टोपण लावलं आणि पेन कागदावर आडवं ठेवलं.

“साहेब, लिहून घ्या,” तो अधिकाऱ्यांना म्हणाला. “तिसरा मजला, डावीकडून दुसरं दार. आतून कडी नसते, नुसतं ढकला. आईला चालता येत नाही, तिला उचलूनच आणावं लागेल.”