सगळीकडे एकच तोंड

तीन पाट्या अंगणात उभ्या होत्या आणि तिन्हींवर डाकिणीचं तोंड वेगळं होतं. एकीला वाघाचे सुळे, एकीला शिंगं, आणि तिसरी तर लग्नाला निघाल्यासारखी नटलेली.

"हिले देखीसन कोण भिई?" अनुसयाबाईनं विचारलं. "मन्ही म्हैस तरी भिई का?"

मदनलाल ओशाळला. चांदमल शेठचा हा पोरगा कॉलेजात शिकत होता. दोस्तांना घेऊन त्यानं डाकिणीचा पिक्चर काढला होता, सुरतेच्या पाहुण्याच्या हातकॅमेऱ्यानं, अनुसयाबाईच्याच मळ्यातल्या विहिरीवर. डाकीण झालेला पोरगा तोंडावर केस सोडून होता, त्यामुळे तोंड कुणी पाहिलंच नव्हतं. पाट्या रंगवणारे तीन, म्हणून तोंडंही तीन.

"मग करू काय, मोठीमाय?"

"तुन्हा बापना दुकानवर चार नावं शेत का? एकच शे ना? तसं डाकिणनं तोंड एकच पाहिजे. पाटीवर तेच, कागदवर तेच, तिकिटवर तेच. लांबून दिसलं तरी पोटात गोळा उठला पाहिजे." मग तिनं घराकडे मान वळवली. "रंजना, भायेर ये."

सून दारात आली. अनुसयाबाईनं तिचा पदर ओढला आणि अंबाडा सोडून केस तोंडावर पसरले. रंजनाचा डावा डोळा काळानिळा होऊन मिटला होता. ओठ दातांपर्यंत फाटला होता. आदल्या संध्याकाळी नवऱ्यानं, भटूनं, कुऱ्हाडीचा दांडा वापरला होता, आणि तो मारत असताना अनुसयाबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नव्हता. रंजना याआधी दोनदा भावाकडे नवापूरला पळाली होती. दोन्ही वेळा भटू मागे गेला, आणि पंचांनी बायको नवऱ्याच्या हवाली केली. आता तर तिच्यात पळायचा जीवही उरला नव्हता.

"रंगवाची गरज नही," अनुसयाबाई म्हणाली. "काढ फोटू."

मदनलालला ते बघवेना. पण फोटो त्यानं काढला. ओट्यावर तंबाखू मळत भटू हसला. "चला, तिन्हं तोंड कामले उनं."

धुळ्याहून फोटोचा छापायचा ठसा करून आला. सगळ्या कागदांवर तेच तोंड, तेच केस, तोच मिटलेला डावा डोळा. रंगाऱ्यांना फोटो देऊन पाट्याही तशाच करून घेतल्या. कुठल्या कुठे लावायच्या, तेही अनुसयाबाईच सांगत होती. शहाद्याचा बाजार, प्रकाशा गावचा घाट, पार तोरणमाळच्या चढापर्यंत. आणि गावच्या चावडीवर, सरकारी कागदाला लागून.

"नवापूरचा बाजार मोठा आहे, मोठीमाय," मदनलाल म्हणाला.

"तठला लोके पिक्चर सुरतले देखतस. तठे एक कागद जावाले नको."

चावडीवर तोंड छापून यायचं ते फरारी दरोडेखोराचं. गावात वाचता येणारे मोजके. बाकीच्यांनी एवढंच पाहिलं, की भटूची बायको डाकीण म्हणून चावडीवर लागली आहे. आणि तीच शहाद्याला, तीच प्रकाशाला. एवढ्या ठिकाणी सरकार उगाच कशाला लावील?

विहिरीवर रंजनाच्या घागरीला पहिला दगड लागला, दुसरा तिच्या कपाळाला. ओला, लाल झालेला पदर घेऊन ती घरी आली. दगा कोळ्याचं वासरू मेलं, ते तिच्याच नावावर गेलं. भटू गोठ्यात झोपायला लागला. तिच्या हातचं पाणीही घेईना.

मदनलाल धापा टाकत आला. "मोठीमाय, लोक तिला खरीच समजायला लागले. मी सगळे कागद फाडतो."

"एकबी फाडाना नही. तुले लोकेस्ले भिवाडनं व्हतं. आते भ्यायलेत ना. तुन्हं काम झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात माणसं जमली. दगाच्या हातात विळा होता, आणि भटूच्या हातात कुऱ्हाड, दांडा नव्हे, अख्खी.

"माय, बाजूले हो."

"तू बाजूले हो," अनुसयाबाई म्हणाली. "सून मन्ही शे. तिले हात लावसू ते मीच."

तिनं रंजनाला केसांना धरून बाहेर ओढलं आणि खराट्यानं हाणत चावडीकडे नेलं. रस्ताभर शिव्या चालूच होत्या. ती सुनेला इतकी चिकटून चालत होती की माणसांनी मारलेले दगड तिच्याच पाठीत बसले. एक कानामागे लागून रक्त आलं. तिनं ते पुसलं नाही.

चावडीवर मगन पाटील आणि पंच बसले होते. एक जण म्हणाला, नाक कापा. दगा म्हणाला, विहिरीत टाका.

"रगत सांडशात ते गावमा पोलीस येतीन," अनुसयाबाई म्हणाली. "हाकला. माले ही मन्हा घरमा नको."

पंचांना ते पटलं. डाकिणीनं पुन्हा गावात पाय ठेवायचा नाही, असं ठरलं.

"आणि हाऊ?" अनुसयाबाईनं भटूकडे बोट केलं. "हाऊ मांगे जाई. तिले परत आणी."

पाटलानं शपथेसाठी तापीचं पाणी मागवलं. भटूनं ओंजळ पुढे केली. पाणी बोटांतून गळत होतं. "मी तिन्हा मांगे जावाव नही. तिन्हं तोंड देखावाव नही."

"अजून एकदा बोल. माले ऐकू उनं नही."

तो पुन्हा बोलला, सगळ्या गावासमोर.

अनुसयाबाईच्या गोवाल सालदारानं छकडा जुंपला. रंजना आत मुटकुळं करून पडली. अनुसयाबाईनं तिच्या अंगावर गाठोडं फेकलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं खाकरून चाकापाशी थुंकली, आणि गाठोडं नीट सारायला आत वाकली. तोंड सुनेच्या कानाशी गेलं.

"आते तो येवाव नही, माय. नवापूर येस तवलोंग जराशी झोप."