तुटक्या कवचाची गोगलगाय

“आज गोगलगायी टाकीपाशी सोडल्या,” रिकामी बादली नळाखाली धरत बागवान म्हणाले. “पाण्याच्या मोठ्या टाकीपाशी. शिडीच्या डाव्या हाताला, झुडपाखाली. आता बघतोच कशा परत येतात.”

भाजी निवडता निवडता मावशीने मान वर केली. टाकी म्हणजे वस्तीचं दुसरं टोक, आणि वर चढ.

“एवढ्या लांब कशाला हो?”

“पुलापलीकडून परत येतात म्हटल्यावर काय करणार? घराची ओढ लागलीय त्यांना. दोन हजार पावलं आहेत. मोजलीत मी.”

सार्वजनिक बागेत तीस वर्षं काढली म्हणून गल्लीने त्यांचं नाव बागवान ठेवलं होतं. मावशी त्यांची बायको, पण मावशी सगळ्या गल्लीची. निवृत्त झाल्यावर या माणसाने अंथरूणच धरलं. दाढी नाही, बोलणं नाही, दिवसभर भिंतीकडे तोंड. मग एका सकाळी गोगलगायींनी परसातला कोबीचा अख्खा वाफा फस्त केलेला दिसला आणि बागवान ताडकन उठले.

मुलगा फोनवर म्हणाला, “बाबा, विषाच्या गोळ्या टाका. दोन दिवसांत सफाया.”

“आणि त्या मेलेल्या गोगलगायी खाऊन पक्षी मेले म्हणजे? तुझ्या गोळ्या तुझ्यापाशीच ठेव.”

त्यांनी आपल्या पद्धतीने आघाडी उघडली. संध्याकाळचं पाणी बंद करून सकाळी घालायला लागले. रोपांभोवती तांब्याची पट्टी लावली. वाफ्यात एक ओली फळी टाकली. गोगलगायी गारव्याला तिच्याखाली गोळा होत. सकाळी फळी उलटायची, त्या वेचून बादलीत भरायच्या, लांब सोडून यायचं आणि वहीत नोंद करायची. नोंदीशिवाय कीड हटत नाही, असं त्यांचं म्हणणं. वहीला कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

आठवड्याभरात फळीखाली अवघ्या तीन निघाल्या. त्या दिवशी बागवान जेवले आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडले. मावशी घाबरली. फार घाबरली.

त्याच दुपारी तिने कापडी पिशवी उचलली, मागच्या मैदानात गेली आणि सापडल्या तेवढ्या गोगलगायी वेचून आणून फळीखाली ठेवल्या. सकाळी बागवानांनी फळी उलटली आणि शीळ घातली. किती महिन्यांनी ती शीळ ऐकली होती तिने.

तेव्हापासून हा उद्योग चालू होता. दुपारी ते तोंडावर पेपर घेऊन आडवे झाले की “शिंपिणीकडे जाऊन येते हो” म्हणत ती निघायची. तीन महिन्यांत अंगावर एक नवा कपडा दिसला नाही, पण नवऱ्याने चकार शब्द काढला नाही. पुरुषांचं लक्ष असतं कुठे, या विचाराने तिला हसू यायचं. शोधायचाही त्रास नव्हता. बिचाऱ्या उपाशी राहू नयेत म्हणून बागवान कोबीचं पान ठेवून येत आणि सगळ्या त्यालाच चिकटून बसलेल्या असत.

सोडायची जागा मात्र लांब लांब जात राहिली: मैदान झालं, कालवा झाला, पूल झाला. सुरुवातीला गुडघ्याने जीव खाल्ला. गेल्या वर्षी डॉक्टरांनी गुडघ्यासाठी रोज चालायला सांगितलं, तेव्हा “घरातल्या घरात चालते तेवढं पुरे” म्हणून तिने त्यांना उडवून लावलं होतं. आता नवऱ्यापायी ही पायपीट.

काळजी एकच होती. आज सकाळी बागवान एका गोगलगायीला हातात धरून बराच वेळ बघत होते. तिचं कवच एका बाजूला तुटलेलं होतं.

“ओळखीची वाटते,” ते म्हणाले होते.

“सगळ्या सारख्याच दिसतात,” मावशी घाईने म्हणाली होती.

दुपारी ती टाकीकडे निघाली. चढावर एकदा थांबली, पदराने घाम पुसला. पाय गेले तरी बेहत्तर, पण हा माणूस पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडता कामा नये. झुडपाखाली पान होतं, पानावर एकवीसच्या एकवीस होत्या. तुटक्या कवचाचीसुद्धा. ती मागे ठेवावी असं क्षणभर तिच्या मनात आलं, पण तिने तीही पिशवीत घातली.

घरी आली तेव्हा बागवान घोरत होते, रोजच्यापेक्षा जरा मोठ्यानेच. तिने गोगलगायी फळीखाली सरकवल्या, हात धुतले. वही खुर्चीवर उघडीच पडली होती. यांना संशय आलाय का, एवढं तरी कळलं पाहिजे. तिने चष्मा लावला आणि आजची नोंद वाचली.

“फळीखाली एकवीस, तुटक्या कवचाची धरून. ती आज सातव्यांदा. टाकीपाशी सोडल्या. जाऊन-येऊन चार हजार पावलं. काल पुलावरून येताना हिला खिडकीतून पाहिलं, पाय अजिबात लंगडत नव्हता. टाकी झेपली तर सोमवारपासून टेकडी.”