सव्विसावं नाव

“आता हजार माणसं बोलवा, ताई. सगळी बंधनं उठली,” कार्यालयाचे मॅनेजर हसत म्हणाले. मी धाकटीच्या लग्नाची तारीख पक्की केली.

थोरलीचं लग्न इथंच झालं होतं, कोरोनाच्या नियमानं पंचवीस माणसांत. यादी सव्विसाव्या नावावर अडली, तेव्हा मी माझ्याच भावाचं नाव खोडलं. व्याह्यांकडचं एखादं खोडलं असतं, तर लेकीला जन्मभर ऐकावं लागलं असतं. भाऊ काय, घरचाच, समजून घेईल. त्यानंही फोनवर “बरं केलंस” एवढंच म्हटलं. नवरीच्या मागं मामाच्या जागी माझे दीर उभे राहिले.

निघताना गेटवरच्या वॉचमननं मला ओळखलं. “तुमच्या मागच्या लग्नाला एक जण इथं बाहेर उभे होते, फेटा बांधून. म्हणाले, मुलीचा मामा आहे, पण यादीत नाही. भोंग्यावर ‘सावधान’ ऐकू आलं, की मुठीतल्या अक्षता या गेटवरच टाकायचे.”

मी घरी गेलेच नाही. रिक्षा तशीच भावाच्या दारात नेली.

“दादा, पहिलं आमंत्रण तुला. या वेळी मामा म्हणून तूच उभा राहायचंस.”

त्यानं मला बसायला सतरंजी टाकली, आतून पाणी आणून दिलं. मी पिऊन होईस्तोवर समोर उभा राहिला. मग हसून म्हणाला,

“येईन की गं. आधी तुझी यादी पुरी होऊ दे.”