दोन सांगाडे

रस्ता ओलांडून झाल्यावर सांगाडा म्हणाला, "तुम्ही माझे आजोबा नाही. माझे आजोबा फ्लॉरिडाला असतात."

लेस्टर ग्रबरने खाली पाहिलं. काळ्या कपड्यांवर छापलेली पांढरी हाडं, तोंडावर कवटीचा मुखवटा, हातात कापडी पिशवी. सगळं त्याच्या नातीसारखंच. आवाज तेवढा मार्गोचा नव्हता.

हॅलोविनची संध्याकाळ, नुकतं अंधारायला लागलेलं. ज्या घराच्या ओसरीवर दिवा लागलेला, तिथे भुताखेतांची, प्राण्यांची सोंगं घेतलेल्या पोरांची झुंबड गोळ्या-चॉकलेटं मागायला धावत होती. लेस्टरची मुलगी डीना तापाने पडली होती, म्हणून पाच वर्षांच्या मार्गोला फिरवून आणायचं काम या वर्षी त्याच्याकडे आलं होतं. निघताना डीनाने अंथरुणातूनच बजावलं होतं, की कुणाच्या घरात शिरू देऊ नका, घरी आणून बघितल्याशिवाय एकही चॉकलेट खाऊ देऊ नका आणि रस्ता ओलांडताना हात सोडू नका.

हात त्याने सोडला नव्हताच. भलत्याच पोरीचा धरला होता.

पलीकडच्या फुटपाथवर चेटकिणी होत्या, वाघ होते, आणि पांढरी हाडं चार-पाच ठिकाणी चमकत होती. मधून गाड्या चालल्या होत्या, हळू, पण एकीला लागून एक. त्या सांगाड्यांतली मार्गो कुठली ते त्याला कळेना. तसंच धावत सुटावं असं त्याला वाटलं. पण हातात हा दुसरा हात होता आणि तो इथे सोडून जाता येत नव्हतं.

त्याने नाव विचारलं. ती पायपर होती. तिची पिशवी फाटली होती, आई खाली बसून सांडलेली चॉकलेटं गोळा करत होती, तेवढ्यात लेस्टरने तिचा हात धरला होता.

"मग तू माझ्याबरोबर का आलीस?"

"तुम्ही 'चल' म्हणालात."

भर गर्दीतून तो एका परक्या पोरीला हाताला धरून घेऊन आला होता आणि कुणी साधं हटकलंही नव्हतं. उलट एका बाईने त्यांना वाट करून दिली होती, किती गोड म्हणून हसलीही होती.

तो गुडघ्यावर टेकला. "हे बघ, अनोळखी माणूस 'चल' म्हणाला तर जायचं नाही. कधीच नाही."

पायपरने मुखवटा कपाळावर सरकवला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. "मग आता तुमच्याबरोबर परत येऊ की नको?"

त्याने तिला सांगितलं, की इथूनच आईला हाक मार, तिने तुला बघितलं आणि ती 'ये' म्हणाली की मगच आपण जायचं.

पायपरने अशी काही हाक मारली की अलीकडचे दोन वाघ दचकले. पलीकडे निळ्या कोटातली एक बाई गर्रकन वळली. ती सगळा फुटपाथ डोळ्यांनी चाचपत उभी होती. आणि तिचा हात धरून एक सांगाडा उभा होता.

लेस्टरने हात वर केला. एका गाडीवाल्याने गाडी थांबवली, मागच्याही थांबल्या. बाईने मान हलवून 'या' म्हटलं, तेव्हा ते दोघं निघाले. तेवढा रस्ता लेस्टरला संपता संपेना.

बाईने पायपरला उचलून घट्ट धरलं. लेस्टरने माफी मागायला तोंड उघडलं. मुखवटा, हाडं, काळोख असं काहीतरी तो बोलला. बाई त्याच्याकडे रोखून बघत होती.

"तुम्हाला चांगलं फैलावर घेणार होते मी," ती म्हणाली. "सुचेनासं झालं होतं मला. गाड्यांमधूनच धावत सुटणार होते. ही तुमची नात. हात धरला माझा आणि सोडायला तयार नाही. म्हणे, कुणी हरवलं की एका जागी उभं राहायचं. मी म्हटलं, बाळा, तू हरवलीस का? तर म्हणते, मी नाही, आजोबा हरवलाय. थोडा हळू आहे, पण येतो."

जाताना तिने मार्गोच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग, जरा थांबून, लेस्टरच्या खांद्यालाही लावला.

पुढची घरं त्यांनी सोडून दिली. मार्गोने हट्ट धरला नाही. लेस्टरने तिला मुखवटा काढून पिशवीत ठेवायला लावलं होतं, आणि दर चार पावलांनी तो तिचं तोंड बघत होता.

"आजोबा, आईला सांगायचं?"

"सांगायचं."

"कोण हरवलं होतं म्हणून सांगू?"

"मी," लेस्टर म्हणाला.

मार्गोने जरा विचार केला. "आजोबा रडला का, असं विचारेल ती."

लेस्टरने बाहीने नाक पुसलं. "थोडासा रडला, म्हणून सांग."