अस्तित्व संशयास्पद

"खडक नाही तिथे," कप्तान म्हणाले आणि ओली टोपी त्यांनी सरळ आत्यांच्या टेबलावर ठेवली. "अकरा दिवस शोधला. नाही म्हणजे नाही."

आत्यांच्या हातातला टाक जागच्या जागी थांबला. समुद्राचे नकाशे काढणाऱ्या त्या कचेरीत लहानथोर सगळे त्यांना आत्याच म्हणत. निवृत्तीला सहा दिवस उरले होते. साहेबांनी निरोपाचं भाषणही लिहून ठेवलं होतं आणि त्यातलं मुख्य वाक्य होतं, 'चौतीस वर्षांत यांच्या हातून एकही चूक झाली नाही.'

चूक झाली होती. बत्तीस वर्षांपूर्वी, चार महिने खपून काढलेल्या मूळ नकाशावर शेवटचा आकडा लिहिताना आत्यांना शिंक आली. टाकातला थेंब टपकला तो भर समुद्रात. कागदावर वाटाण्याएवढा, पण त्या नकाशाच्या मापाने चांगला चार मैलांचा. जिन्यावर तेव्हाच्या साहेबांचे बूट वाजत होते, आणि ते साहेब म्हणजे जमदग्नीचा अवतार. आत्यांनी घाईघाईने थेंबाभोवती ठिपक्यांचं वर्तुळ काढलं आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलं, 'खडक. अस्तित्व संशयास्पद.' कुणा खलाशाने कळवलेला, पण कुणी तपासून न पाहिलेला खडक असाच दाखवायचा, अशी कचेरीची पद्धत होती. साहेबांनी भिंग लावून पाहिलं. त्यांना या खडकाचं काहीएक ठाऊक नव्हतं, पण तसं कबूल करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "हं, हा होय," ते म्हणाले आणि सही ठोकून मोकळे झाले.

पुढे खडकाने चांगलाच जम बसवला. दर नव्या आवृत्तीत तो इमानेइतबारे उतरवला गेला, कारण खोडायची जबाबदारी कोण घेणार? जहाजं त्याला वळसा घालू लागली. तळ खरवडत जाणारे मोठे ट्रॉलर जाळी फाटतील म्हणून तिकडे फिरकेनात. लवकरच तो पाहिलेली माणसंही निघाली. एका सुकाणूवाल्याच्या मेव्हण्याने त्याच्यावर बसलेले पक्षी मोजले होते. एका तरुण अधिकाऱ्याने तर जहाजाच्या रोजनिशीत सहीनिशी लिहिलं होतं, की खडकावर लाटा फुटताना स्वच्छ दिसल्या, लांबून वळसा घ्यावा लागला, म्हणून बंदरात यायला तीन तास उशीर. ती रोजनिशी कचेरीत आली तेव्हा आत्यांनाही क्षणभर वाटून गेलं, असेलच की काय!

आता एका मासेमारी कंपनीचा अर्ज आला होता. खडक खरा आहे का ते तपासा, नसेल तर आमचे ट्रॉलर तिथे जातील. म्हणून कप्तानांचं सर्वेक्षण जहाज गेलं होतं, आणि कप्तान म्हणजे जन्मात कधी न हसलेला माणूस. आत्यांनी टाक खाली ठेवला. भाषणाचं आता काय होणार?

"पहिल्याच दिवशी वाटलं, सापडला," कप्तान सांगू लागले. "पाणी नव्वद मीटर खोल, आणि खोली मोजणारं यंत्र म्हणे चाळीस. मी खूण करायला पेन्सिल उचलली, तेवढ्यात तळ हलला."

"हलला?"

"मासे होते, आत्या. इतके दाट, की यंत्र त्यांनाच तळ समजलं. मग कॅमेरा खाली सोडला. आजूबाजूला मैलोन्मैल तळ कढई खरवडावी तसा साफ झालाय. आणि तुमच्या वर्तुळात पोवळ्यांचं, स्पंजांचं नुसतं जंगल! जहाजावर प्राणिशास्त्राच्या एक बाई होत्या. तासभर एकेकाचं नाव सांगत होत्या, मग गप्पच झाल्या. म्हणाल्या, पुढच्यांची नावं कुणालाच ठाऊक नाहीत."

आत्यांना भाषणाचा विसर पडला. एका शिंकेएवढ्या जागेला बत्तीस वर्षं कुणी हात लावला नाही, तर तिथे एवढं सगळं राहायला आलं! आणि आता खडक पुसला, की महिन्याभरात तिथेही कढई. त्यांना एकदम रडू आलं.

"खडक कधी नव्हताच, कप्तान," त्या म्हणाल्या. "मला शिंक आली होती. हवं तर सगळ्यांसमोर सांगा. पण तेवढी जागा ट्रॉलरना देऊ नका."

तेवढ्यात साहेबांनी दारातून डोकं आत घातलं.

"काय कप्तान, खडक आहे की नाही? एका शब्दात सांगा. कंपनीचा माणूस बसलाय माझ्या खोलीत."

"एका शब्दात नाही सांगता येणार, साहेब. यंत्राला चाळीस मीटरवर अडथळा लागला. पण तो जागा बदलतो. वर्तुळ मोठं करावं लागेल."

जागा बदलणारा खडक साहेबांनी उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता. "हं, त्यातला होय," ते म्हणाले आणि लगबगीने निघून गेले.

आत्यांनी आवाज खाली आणला. "माझ्यासाठी तुम्ही खोटं बोललात."

"शब्दन्‌शब्द खरा आहे त्यातला. खोटं मी एकदाच बोललोय." कप्तानांनी मागच्या कपाटातून एक जुनी रोजनिशी ओढली आणि न शोधता नेमकं पान उघडलं. लाटा फुटताना स्वच्छ पाहणाऱ्या त्या तरुण अधिकाऱ्याच्या सहीवर त्यांनी बोट ठेवलं. "हा मी. पहाऱ्यावर असताना माझा डोळा लागला आणि जहाज गेलं भलतीकडे. उशिराला काहीतरी कारण हवं होतं. तुमचा खडक आयताच नकाशावर होता."

आत्यांनी डोळे पुसले, नवा कागद समोर ओढला आणि टाक शाईत बुडवला.

"केवढं काढू वर्तुळ?"

जन्मात न हसलेले कप्तान हसले.

"तुमची शिंक आणि माझी डुलकी, दोन्ही ऐसपैस मावतील एवढं."