चांदीवरची झीज

“आधी कुणीच काही सांगायचं नाही,” पारखी म्हणाले. “वस्तू कुणाची, कुठून आली, काही नाही. मालक बोलायला लागला की बघणाऱ्याचं लक्ष उडतं. मी बघतो, मग तुम्ही काय ते बोला.”

टेबलापलीकडच्या तिघांनी माना डोलावल्या. मोठा मुलगा हाताची घडी घालून बसला होता. धाकटी बहीण पेटी पोटाशी धरून होती. आई खिडकीजवळच्या खुर्चीत, मांडीवर पर्स घेऊन.

जुन्या चांदीच्या बाजारात पारख्यांना सगळे ‘ब्रह्मवाक्य’ म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. चाळीस वर्षांत त्यांनी दिलेला शब्द एकदाही मागे घेतला नव्हता. ‘मला माहीत नाही’ एवढं तीन शब्दांचं वाक्य त्यांना बहुधा कुणी शिकवलंच नव्हतं.

धाकटीने पेटी पुढे सरकवली आणि वर एक चिठ्ठी ठेवली. चिठ्ठीत एकच प्रश्न होता: या वस्तू शेवटच्या कधी वापरल्या?

पेटी वडिलांची. ते जाऊन वर्ष झालं होतं. अकरा वर्षांपूर्वी हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्यांनी नातवाची शपथ घेऊन धूम्रपान सोडलं होतं. दोन वर्षांनी एका संध्याकाळी मोठा आईबाबांच्या खोलीत शिरला, तर खोलीत धूर आणि खिडकीशी बाबा. त्याने विचारलं. बाबांनी ना हो म्हटलं, ना नाही. “माझ्या पोराची शपथ मोडलीत,” म्हणून मोठा निघाला, तो पुन्हा कधी त्यांच्याशी बोलला नाही. शेवटच्या आजारपणातही आला नाही.

धाकटीचं म्हणणं एकच, बाबा खोटी शपथ घेणारे नव्हतेच. कपाट आवरताना पेटी निघाली तेव्हा दोघांनी ठरवलं, पारखी सांगतील ते मान्य. आईला हे मुळीच पटलं नव्हतं. गेलेल्या माणसाची पेटी कशाला उघडता, असं ती चारदा म्हणाली, आणि सकाळी सगळ्यांच्या आधी चपला घालून तयार राहिली.

पारख्यांनी पहिली वस्तू उचलली. बोटभर लांबीचा चांदीचा मासा. त्यांनी शेपटी दाबली तशी तोंडातली दोन पाती हलली.

“चिरुटाचं टोक कापायची कात्री. घडवणाऱ्याचा हात चांगला आहे.” त्यांनी भिंग लावलं. “सांध्यात काळा थर बसलाय, कुठे तडा नाही. दहा-अकरा वर्षं हिला कुणी हात लावलेला नाही.”

धाकटीचा चेहरा खुलला. “बघ दादा!”

“थांब, अजून आहेत,” मोठा म्हणाला.

दुसरी वस्तू म्हणजे काड्या ठेवायची चपटी डबी, बुडाला खरखरीत पट्टी. ती बघताना पारख्यांनी ओठ चावला. “ही मात्र वापरातली. चांदी काळी पडते, पण या ओरखड्यांवर काळं चढलेलंच नाही. काडी ओढल्याचे ओरखडे आहेत. फार तर दोन वर्षांपूर्वीचे.”

“अहो, ते...” आई खुर्चीतून पुढे वाकली.

“मावशी, नंतर. माझं होऊ दे.”

आई मागे टेकली. धाकटी डबीकडे बघत राहिली. तिला रडू येत होतं आणि दादासमोर रडायचं नव्हतं.

तिसरी वस्तू एक बारीक अंगठी होती. खड्याच्या जागी नाजूक तारेची चिमटी.

“ही मला कागद धरायची वाटली,” धाकटी कसंबसं म्हणाली.

पारखी खूश झाले. असली वस्तू त्यांच्या टेबलावर कित्येक वर्षांतून एकदा यायची. “कागद नाही हो. ही बोटात घालायची आणि चिमटीत सिगारेट अडकवायची. बोटं पिवळी पडत नाहीत, बोटांना वास लागत नाही. घरात लपवून ओढायचं असेल तर याहून झकास सोय नाही! आतून बघा कशी चकचकीत झालीय. रोजची घातलेली आहे.”

“म्हणजे नऊ वर्षांपूर्वी मी बघितलं ते खरं होतं,” मोठा म्हणाला.

“खरंच असणार. माझ्याकडून लिहून घ्या. घरातलं काय असेल ते तुमचं तुम्ही बघा, पण तुमचा माणूस ओढत होता. अगदी अलीकडेपर्यंत.”

“अहो, मला जरा...” आई म्हणाली.

“मावशी, दोन मिनिटं.”

पारख्यांनी वहीत तिन्ही वस्तू लिहिल्या, खाली सही ठोकली. मोठ्या मुलाने सुस्कारा सोडला. तो बरोबर ठरला होता, तरी त्याला आनंद झाला नव्हता. वडिलांना शेवटचं भेटायला न जाण्याची बोच वर्षभर त्याला खात होती. आता निदान न जाण्याला कारण मिळालं होतं. त्याने बहिणीच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो झटकला नाही.

“झालं माझं,” पारखी म्हणाले. “हं मावशी, आता बोला.”

आई उठली. पर्स खुर्चीवर ठेवून टेबलापाशी आली. तिने अंगठी उचलली, न बघता उजव्या हाताच्या मधल्या बोटात सरकवली आणि अंगठ्याने चिमटी सहज उघडली.

“शपथ यांनी घेतली होती रे,” ती मुलाला म्हणाली. “मी नाही.”