बांधापासून घरापर्यंत

‘पुन्हा एकदा, मावशी. कोयता कुठे होता?’

‘कमरेला.’

‘कुणाच्या?’

‘माझ्या सुनीलच्या. वकिलाच्या कमरेला कोण लावतो कोयता?’

वकील सरिता पगारे हसल्या नाहीत. नाशिकच्या कोर्टाच्या व्हरांड्यात भागीबाई बाकावर ताठ बसली होती. पेठच्या डोंगरातून ती पहाटेच्या एसटीने आली होती. जेवणाच्या सुट्टीनंतर तिची साक्ष होती.

मागच्या वर्षी तिच्या मुलाच्या एका वाराने शेजारचा पुंजाराम शेताच्या बांधावर मेला होता. वार सुनीलनेच केला, हे कुणी नाकारत नव्हतं.

‘मग कोर्टात भांडायचं तरी काय राहिलं, बाई?’ भागीबाईने विचारलं.

सरिताबाईंनी हातातली फाईल मिटली.

‘माणूस मारला म्हणजे खूनच झाला, असं कायदा म्हणत नाही. मारताना मनात काय होतं, ते तो बघतो. पुंजारामने बांध कोरला, वर सुनीलच्या मेलेल्या बापाला शिवी दिली. त्याच क्षणी सुनीलचा तोल गेला आणि कमरेला होतं ते हाताला आलं, तर शिक्षा कमी होऊ शकते. पण शिवी ऐकून तो घरी गेला, कोयता घेऊन परत आला, तर वाटेत राग निवायला वेळ होता. तरी मारलं, म्हणजे ठरवून मारलं. तो खून. जन्मठेप, नाहीतर फाशी.’

भागीबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती.

‘म्हंजे सगळं त्याच्या घरी जाण्यावर हाय.’

‘हो. खोटं मात्र काही सांगायचं नाही. तुमच्याकडचे बाप्ये कोयता अडकवल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत, हे खरं ना?’

‘तुम्ही घड्याळ बांधता, तसं.’

‘मग तेवढंच सांगा.’

तिने तेवढंच सांगितलं. न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं. आरोपीच्या पिंजऱ्यात सुनील खाली बघत उभा होता.

सरकारी वकील उठले. ते मूळचे सुरगाण्याचे.

‘आजी, आमच्या वडिलांच्या कमरेलाही कोयता असायचा. त्या दिवशी सुनील कुठून येत होता?’

‘सातपूरवरून. कंपनीत कामाला व्हता.’

‘कंपनीच्या गेटवर झडती होते. कोयता घेऊन आत सोडतात?’

सरिताबाईंचं पेन थांबलं. पाड्यावर गेल्या तेव्हा त्यांनी प्रत्येकाच्या कमरेला कोयता पाहिला होता. सुनीलचा तो दिवस कंपनीत गेला होता, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

‘नाय सोडत,’ भागीबाई म्हणाली.

‘मग फाट्यावर एसटीतून उतरला, तेव्हा त्याच्याकडे कोयता होता?’

‘नव्हता.’

‘तिथून बांध किती लांब?’

‘लागूनच हाय.’

‘आणि बांधापासून तुमचं घर?’

‘जाऊन येऊन अर्धा तास.’

सरकारी वकील न्यायाधीशांकडे वळले. ‘म्हणजे शिवी ऐकून आरोपी घरी गेला. कोयता घेतला. अर्ध्या तासाने परत आला.’

‘नाय,’ भागीबाई म्हणाली.

सरिताबाई अर्ध्या उठल्या. ‘मावशी, विचारलं तेवढंच.’

‘साक्षीदाराला बोलू द्या,’ न्यायाधीश म्हणाले. ‘सांगा, आजी.’

पिंजऱ्यात सुनीलने मान वर केली होती. तो आईकडे बघून डोकं हलवत होता, पण ती सरिताबाईंकडे बघत होती, उत्तर येत असलेल्या शाळकरी मुलीसारखी.

‘त्यो घरी गेलाच नाय, साहेब. मीच फाट्यावर एसटीची वाट बघत उभी व्हती. सकाळीच धार लावली व्हती. त्यो उतरला, तसा कोयता त्याच्या हातात दिला आन् म्हणलं, पुंजाराम बांधावर एकटाच हाय.’